नाईटवाल्या घरातली कबड्डी

माझ्या नेमणुकीच्या कागदावर दोनच ओळी होत्या. पहिली 'व्यायाम शिक्षिका', दुसरी 'व इतर उपक्रम'. व्यायामानं मला कधी त्रास दिला नाही. त्या 'इतर'नं मात्र उभी नोकरी खाल्ली.

आमची शाळा मुलींची, हिंदी माध्यमाची, भिलाईच्या टाउनशिपमधली. तिथं सव्वीस जानेवारीची परेड म्हणजे इतर. गाइडचा कॅम्प म्हणजे इतर. हरेलीच्या सणाला गेडीवर, म्हणजे बांबूच्या उंच पायांवर, चढून धाडकन पडलेल्या पोरीचा फुटलेला गुडघा, तोही इतर. आमच्या मोठ्या मॅडम केरळच्या. त्या गोड आवाजात म्हणायच्या, "कापगते, एक छोटा सा काम है," आणि मी समजून जायची की आता आठ दिवस घरचा स्वयंपाक नवऱ्याकडे. नवरा बिचारा वरणभातापर्यंतच शिकलेला. त्यानं तेवढ्यावर माझी सगळी स्नेहसंमेलनं काढली.

शाळेत चार हाउस होते, चार नद्यांच्या नावांचे. नवीन पोरगी आली की तिला एका हाउसात घालायचं, काम एवढंच. पण त्यावरून मी जेवढी भांडणं सोडवली तेवढी एखाद्या सरपंचानं सोडवली नसतील. हसदेव हाउस सारखं हरायचं, म्हणून आपली पोरगी त्यात घालायला कोणाची आई तयार नसायची. एक बाई तर पोरीचा हात धरून माझ्या घरी आली. "मॅडम, मोठीचा पिवळा टी-शर्ट लहानीले बरोबर होऊन राहिला. तिले पण पिवळ्यातच टाका ना जी." आता याला कोणता नियम लावणार? टाकली पिवळ्यात. त्या वर्षी लंगडीचं पहिलं बक्षीस त्या लहानीनंच पिवळ्याला आणून दिलं आणि बाकीच्या आया माझ्यावर रुसल्या.

पण मला लिहायचं आहे ते आवाजाबद्दल.

एकदा वरून पत्र आलं, स्वच्छतेची रॅली काढा. मी पोरी रांगेत उभ्या केल्या, पाट्या वाटल्या, घोषणा घोकून घेतल्या आणि सकाळी अकराच्या सुमाराला आम्ही सेक्टरच्या रस्त्यानं निघालो. पुढची पोरगी म्हणते, मागच्या म्हणतात. पण काय म्हणतात ते बाजूनं चालणाऱ्या मलाच ऐकू येईना. रस्त्यात एक कुत्रं आडवं झोपलं होतं. ते काही उठलं नाही, रॅलीच त्याला वळसा घालून गेली. मी म्हटलं, "अगं पोट्ट्यांनो, जेवून आल्या ना? जोरानं म्हणा." पोरींनी जरा आवाज उचलला मात्र, क्वार्टरांच्या फाटकांवर बायका येऊन उभ्या राहिल्या आणि सगळ्यांनी ओठावर बोट ठेवलं. "शू. नाईटवाले आहेत घरात." पोरी गप्प झाल्या. मी पण गप्प झाले. उरलेली रॅली आम्ही मुक्यानं पुरी केली आणि अहवालात 'उत्साहात संपन्न' असं लिहिलं.

बाहेरगावच्यांसाठी सांगते. इथला पोलादाचा कारखाना चोवीस तास चालतो, भट्टी काही रविवार आहे म्हणून कोणी विझवत नाही. माणसं तीन पाळ्यांमध्ये जातात. फर्स्ट सकाळी सहाची, सेकंड दुपारी दोनची, नाईट रात्री दहाची, आणि पाळी फिरत राहते. म्हणजे क्वार्टरांच्या कुठल्याही ओळीत, दिवसाच्या कुठल्याही वेळी, कोणाचा तरी बाप झोपलेला असतोच. आमच्या भागात रीत अशी की नाईट करून आलेल्या माणसाचं हेल्मेट घराच्या फाटकाला अडकवायचं. हेल्मेट दिसलं की भाजीवाला आरोळी गिळतो, पोस्टमन बेल दाबत नाही. आतमध्ये कुकरची शिट्टी व्हायच्या आधीच बाई गॅस बारीक करते. लेकरं चालायला शिकतात ती चवड्यांवर. लोखंडी कपाट आवाज न करता उघडायची कला मला सहाव्या वर्षी येत होती, कारण माझे वडीलही भंडाऱ्याकडची शेती भावांच्या हवाली करून याच कारखान्यात आले होते.

तपासणीला येणारे साहेब दरवर्षी लिहून जायचे, 'विद्यार्थिनींची शिस्त वाखाणण्याजोगी'. शिस्तीची ढाल वर्षानुवर्षं आमच्याच कपाटात. ती घेताना मी छोटं भाषणही करायची, मुलींना वळण कसं लावावं यावर. आता आठवलं की कानशिलं तापतात. वळण लावलं होतं ते नाईट शिफ्टनं आणि बक्षीस घेत होते मी. हे मला कळायला पल्लवी लांजेवार यावी लागली.

पल्लवी कबड्डी खेळायची. ज्यांनी कबड्डी फक्त टीव्हीवर पाहिली त्यांना एक नियम सांगायला पाहिजे. चढाई करणारीनं 'कबड्डी कबड्डी' म्हणत समोरच्यांच्या अंगणात जायचं, कोणाला तरी शिवायचं आणि दम न तोडता परत यायचं. पण नुसता दम असून भागत नाही. तो पंचाला ऐकू आला पाहिजे. नाही आला तर पंच शिट्टी मारतो, चढाई बाद, वरून समोरच्यांना एक गुण.

पल्लवीचे पाय मांजरीचे होते. कुठून आली, कोणाला शिवली, कधी परत गेली, समोरच्यांना पत्ता लागत नसे. अकरावीत असताना विभागाच्या सामन्यात तिनं एका चढाईत चार जणींना हात लावला आणि हसत हसत परत आली. आम्ही बाहेर उड्या मारून राहिलो आणि पंच कानामागे हात धरून उभे.

"दम कहाँ था?" त्यांनी विचारलं.

"सर, बोल रही थी," मी म्हटलं.

"किसको?"

त्या सामन्यात तिला तीनदा परत पाठवलं. राज्याच्या संघासाठी पोरी निवडायला एक बाई आल्या होत्या. त्यांनी तिच्या नावापुढे लिहिलं, 'चपळ. आवाज नाही.' आणि यादीतून नाव गेलं. राज्याच्या संघातून खेळायचं, हे त्या पोरीचं एकच वेड. वहीच्या मागच्या पानावर तिनं स्वतःच्या जर्सीचा नंबरसुद्धा ठरवून ठेवला होता. परतताना बसमध्ये ती खिडकीशी बसून सगळा रस्ता रडली, आणि ते शेजारच्या पोरीलाही उतरताना कळलं. पुढचं वर्ष बारावीचं, म्हणजे शाळेकडून खेळायचं शेवटचं. तेव्हा नाव आलं नाही तर कायमचंच राहिलं.

मी तिला खूप रागावले. ती खाली मान घालून म्हणाली, "मॅडम, मी कोशिश करते. आवाज येतो इथपर्यंत," आणि गळ्याला हात लावला, "फिर वापस चला जाता है."

म्हटलं, आता घरी जाऊनच पाहावं. रिसालीत त्यांचं घर. गेले तर फाटकाला हेल्मेट. माझा बेलकडे गेलेला हात आपोआप खाली आला. आईनं दार कधी उघडलं तेही समजलं नाही. मी चपला काढून हातात घेतल्या आणि चवड्यांवर आत गेले, कोणी सांगितलं नव्हतं. चहा आला. पल्लवीच्या आईनं त्यात साखर ढवळली ती चमचा कपाला लागू न देता. पाच मिनिटं आम्ही दोघी समोरासमोर बसून कुजबुजत होतो आणि मला त्यात काही वेगळं वाटत नव्हतं.

"तीन वर्सं झाले जी मॅडम," आई हळूच म्हणाली. "ह्यांनी साथीदारांशी बोलून नाईटच धरली. सकाळी सुटले का पोरीले शाळेत सोडता येते. एवढ्या ट्रकांच्या रस्त्यानं तिले सायकलनं पाठवाची ह्यांची हिंमतच होत नाही."

म्हणजे पल्लवी शाळेतून येते तेव्हा बाबा झोपलेले, बाबा उठतात तेव्हा ही अभ्यासाला बसलेली, मग डबा घेऊन ते ड्युटीवर. तीन वर्षं त्या घरात कोणी मोठ्यानं हाकसुद्धा मारली नव्हती. मी उठले, चपला हातात घेतल्या, बाहेर येऊन घातल्या. रस्त्यावर आल्यावर मग माझंच मला हसू आलं आणि थोडं रडूही. तिला मी कशासाठी रागावले होते? मी स्वतः त्याच घरात वाढलेली बाई.

मग आम्ही गळा कमवायला सुरुवात केली. शाळेच्या आवारात सोय नव्हती, कारण आमच्या भिंतीला लागून क्वार्टरं. म्हणून शाळा सुटल्यावर तिला घेऊन मी रेल्वे लाइनीच्या कडेच्या मोकळ्या मैदानात जायची. सोबत टिकेश्वरी साहू, आमची पकड करणारी. टिकेश्वरी जवळच्या गावातून यायची. लहानपणापासून धानावरची पाखरं हाकलून तिचा गळा असा तयार झाला होता की वर्गात 'हजर' म्हणाली तर शेजारच्या वर्गातले सर दचकायचे. तिला मैदानाच्या एका टोकाला बसवायचं, दुसऱ्या टोकाला पल्लवी. मालगाडी आली की पल्लवीनं दम सुरू करायचा आणि शेवटचा डबा जाईपर्यंत तो टिकेश्वरीला ऐकू आला पाहिजे.

टिकेश्वरी चणे खात बसायची आणि हात हलवून म्हणायची, "नइ सुनात हे." ऐकू येत नाही.

पंधरा दिवस हेच. गाडी येई, पल्लवीचे ओठ हलत, गाडी जाई, "नइ सुनात हे." माझाही धीर सुटत आला. एक दिवस टिकेश्वरीचे चणे संपले असावेत. ती वैतागून उठली आणि म्हणाली, "जा, घर जा. अपन मुड़ी म हेलमेट टांग ले." म्हणजे, स्वतःच्या डोक्यालाच हेल्मेट अडकव.

पल्लवी लाल झाली. मागून गाडी आली तशी ही टिकेश्वरीच्या अंगावर धावूनच गेली, तोंडानं कबड्डी कबड्डी, अर्धं मैदान पार. बाप रे बाप, काय तो आवाज. लाइनीवर काम करणारा एक माणूस फावडं ठेवून बघत राहिला. टिकेश्वरी मागे सरता सरता बसकण मारून पडली आणि पडल्या पडल्या म्हणाली, "हव, अब सुनाइस." मग दोघी एकमेकींच्या गळ्यात पडून हसायला लागल्या. मी पाठ फिरवून डोळे पुसले, शिक्षकानं पोरींसमोर रडू नये असं मला वाटायचं तेव्हा.

इथवर मी सगळं बरोबर केलं होतं. पुढची अक्कल मात्र माझीच.

बारावीच्या वर्षी आमचा संघ विभागाच्या अंतिम सामन्यात पोचला. सामना दुर्गला, पद्मनाभपुरातल्या एका मैदानावर, सकाळी. निवडीच्या बाई तिथंच येणार. मला वाटलं, पोरीला अजून जोर चढावा म्हणून तिच्या बाबांना बोलवावं. लांजेवार भाऊ रोज पावणेसातला स्कूटरवरून तिला गेटशी सोडायचे. सडपातळ माणूस, डोळे लाल, बोलणं कमी. पोरगी आत गेली की दोन मिनिटं स्कूटरच्या हँडलवर हात ठेवून तसेच उभे राहायचे, बहुतेक तेवढ्यात एक डुलकी काढून घ्यायचे.

"भाऊ, फायनलले तुमाले यावं लागते," मी म्हटलं.

"मी येऊन काय करू जी मॅडम? मले कबड्डीतलं काही समजत नाही."

"समजून नका घेऊ. नुसतं समोर बसा. तुमाले पाहून तिले हिंमत येईन."

"बरं," ते म्हणाले. "येतो."

टिकेश्वरीनं ऐकलं होतं. ती मला म्हणाली, "मैडम, ओकर बाबू आही त ये फेर कलेचुप हो जाही." म्हणजे, बाप आला की ही परत गप्प होणार. मी म्हटलं, "तुले काय समजते?" तिला माझ्यापेक्षा बरंच समजत होतं.

डिसेंबरचं कोवळं ऊन. समोरचा संघ राजनांदगावकडचा, एकेक पोरगी तालमीत वाढल्यासारखी. लांजेवार भाऊ कारखान्याच्या कपड्यांतच आले, पायात तेच जड बूट. मी त्यांना मंडपाच्या पहिल्या रांगेत, अगदी रेषेसमोर, मानानं खुर्ची दिली. पहिल्या अर्ध्यात ते ताठ बसून होते. पल्लवीच्या चढाईला असा दम की पंचांनी कानामागचा हात काढून घेतला. तीन चढायांत चार गुण. मी शेजारच्या शाळेच्या मॅडमला ऐकू जाईल अशा बेतानं म्हटलं, "घरच्यांचा पाठिंबा पाहिजे बाई, मग पोरी खेळतात."

मध्यंतरात कोणीतरी त्यांना चहा दिला. दुसरा अर्धा सुरू झाला आणि ऊन मंडपाच्या कडेनं त्यांच्या पाठीवर आलं. मी बघितलं तेव्हा हनुवटी छातीला टेकली होती.

पल्लवी चढाईला निघाली. आवाज खणखणीत. वळताना तिची नजर बाबांवर गेली आणि आवाज जिथल्या तिथं बसला. ओठ हलतायत, पाय पळतायत, ऐकू काही येत नाही. शिट्टी. गुण त्यांना. दुसऱ्यांदा तेच. तिसऱ्यांदा तिनं नजर टाळायची ठरवली असावी, पण झोपलेला बाप पाठीमागे असला तरी समजतो, हे मी शपथेवर सांगते. परत शिट्टी. पुढे होतो ते आम्ही मागे पडलो, तीन गुणांनी.

आणि ऐका, आमच्या शाळेकडून टाळ्या वाजवायला आलेल्या सेक्टरच्या सगळ्या आया. त्यांनी काय करावं? एकीनं पोरींना हातानं इशारा केला, "हळू गं, नाईटवाले हायेत." आणि आमच्या बाजूच्या सगळ्या पोरी तळवे न लावता टाळ्या वाजवायला लागल्या. समोरच्या शाळेचे लोक आमच्याकडे बघून राहिले. त्यांना वाटलं आमच्यात कोणी आजारी आहे.

मी ठरवलं, माणसाला उठवायचं. त्यात काय एवढं? खांद्याला हात लावायचा आणि म्हणायचं, भाऊ, उठा. मी गेले. हात पुढे केला. तो खांद्यापासून वीतभर अंतरावर थांबला तो थांबलाच. माझ्या वडिलांना जाऊन बरीच वर्षं झाली होती, तरी हात पुढे जाईना. इतक्या वर्षांच्या नोकरीत मी हजारो पोरींवर ओरडले असेन, पण नाईट करून आलेल्या माणसाला झोपेतून उठवणं माझ्याच्यानं होईना. मी खुर्चीमागे उभी राहून त्यांच्या डोक्यावर येणारं ऊन पदरानं अडवत बसले. संघाची मार्गदर्शक, आणि उद्योग हा.

आम्ही वेळ मागून घेतला. पोरी गोळा झाल्या. पल्लवी धापा टाकत म्हणाली, "मॅडम, बाबांना उठवू नका ना. काल त्यांची डबल झाली. सेकंडवाला नाही आला, म्हणून बाबांनाच आधी बोलावलं. दोपहर से सीधा सुबह, सोलह घंटे."

"मग घरी कावून नाही गेले?"

"तुम्ही बोलावलं ना."

सोळा तास भट्टीसमोर उभा राहिलेला माणूस माझ्या एका शब्दावर येऊन बसला होता. मी पल्लवीला म्हटलं, "बाई, माह्यानं नाही उठवणं होत त्याहीले. मी जाऊन पाह्यलं. पण तुले सांगते, दम ऐकू नाही आला तं तुहं नाव गेलं. समोर बसल्या आहेत त्या बाई. पुढचं वर्ष नाही आता."

"मालूम है," ती म्हणाली.

टिकेश्वरीनं तिच्याकडे पाहिलं, पण या वेळी काही बोलली नाही. तिच्याही लक्षात आलं होतं की हे चिडवून होण्यातलं काम नाही.

शेवटची चढाई पल्लवीची. ती मध्यरेषेपाशी आली आणि तिथं उभी राहिली. पंच म्हणाले, "चलो." तिनं बाबांकडे नीट पाहिलं, आधीसारखं चोरून नाही. ओठ हलले. मी परत खुर्चीमागे येऊन उभी होते म्हणून मला दिसलं, ती म्हणाली, "सॉरी, बाबा."

आणि मग जी सुटली. मालगाडीशी भांडून कमावलेला सगळा आवाज तिनं एका दमात बाहेर काढला.

लांजेवार भाऊ ताडकन उठले. खुर्ची माझ्या पायावर पडली. ते दोन्ही हातांनी हेल्मेट शोधून राहिले, "काय झालं? काय झालं? सायरन कोणचा?" मग त्यांना ऊन दिसलं, मंडप दिसला, मी दिसले.

"कोण वरडून राह्यलं जी?"

"तुमची पल्लवी."

"आमची?"

ते बघत राहिले. पोरगी त्या धिप्पाड पोरींच्या मधून गेली, एकीला पायानं शिवली, दुसरीनं कंबर धरली, तिला ओढत रेषेपर्यंत आणलं, आडवी पडली, हात रेषेवर टेकला, आणि तोवर कबड्डी कबड्डी चालूच. रेषेला हात लागल्यावरही थांबेना. पंचांनी वाकून सांगितलं, "बस बेटा, हो गया."

दोन गुण मिळाले, बरोबरीलाच तीन पाहिजे होते. एका गुणानं हरलो. ढाल राजनांदगावकडे गेली आणि आमच्या आया इतक्या मोठ्यानं हळहळल्या की मला फार बरं वाटलं. निवडीच्या बाई कागद घेऊन माझ्याकडे आल्या. "इसका नाम लिख लिया है," त्या म्हणाल्या. "पिछली बार मैंने ही काटा था. इस बार तो घर बैठे भी सुन लेती."

पल्लवी बाबांसमोर येऊन उभी राहिली, मान खाली. "बाबा, नींद खराब केली तुमची."

लांजेवार भाऊ माझ्याकडे वळून म्हणाले, "मॅडम, हे पोरगी अठरा वर्सांची होऊन राह्यली. हिचा आवाज मले माईतच नव्हता." आणि त्यांनी तोंड फिरवलं. मी पण फिरवलं. पोरींसमोर रडू नये हा नियम मी त्या दिवशी मोडून टाकला आणि परत कधी पाळला नाही.

त्यानंतर शाळेत मी एक नवीन खूळ सुरू केलं. प्रार्थना झाली की पाच मिनिटं सगळ्यांनी ओरडायचं. क्वार्टरांपासून लांब, मागच्या मैदानात, पण पोटातून. पहिल्या दिवशी मोठ्या मॅडम धावत आल्या, त्यांना वाटलं साप निघाला. त्या वर्षी शिस्तीची ढाल दुसऱ्या शाळेला गेली आणि साहेबांनी आमच्या वहीत 'गोंगाट' असा एकच शब्द लिहिला. मला त्याचं वाईट वाटलं नाही. वाईट वाटतं ते आधीच्या वर्षांचं. त्या वर्षांतल्या किती पोरींना मी 'गुणी, शांत' असं प्रमाणपत्रावर लिहून देऊन टाकलं, आणि त्यांच्या गळ्यात काय अडकलं होतं ते विचारलं नाही.

पल्लवी महिन्याभराच्या कॅम्पसाठी रायपूरला गेली. ती गेली त्याच्या तिसऱ्या दिवशी सकाळी पावणेसातला मी गेटवर उभी होते, तर लांजेवार भाऊंची स्कूटर आली. मागची सीट रिकामी.

"काय भाऊ? आज इकडे कसे? घरी जाऊन झोपा ना आरामात. आता तं सोडाले यायचं नाही."

"जाऊन आलो जी," ते म्हणाले. "काल पडून पाह्यलं, परवा पडून पाह्यलं. झोपच नाही लागून राह्यली. फायनल झाल्यापासून घरात नुसतं वरडणं होतं तिचं. आईशी भांडते, फोनवर बोलते, गाणे म्हणते. माह्या बायकोनं दटावलं तं मीच म्हणलं, राहू दे. दहा-बारा दिवस असाच झोपलो. आता घर लय चुप हाये, मॅडम."

मागच्या मैदानात सहावीच्या पोरींचा खो-खो सुरू होता. मी त्यांना म्हटलं, या, बसा थोडं. कडुलिंबाखाली बाक होता, त्यावर ते बसले. समोर पोरी किंचाळून राहिल्या, पळून राहिल्या, एकमेकींशी भांडून राहिल्या. पाच मिनिटांत भाऊंची मान खांद्यावर कलली.

एक छोटी पोरगी पळता पळता थांबली. तिनं बाकाकडे बघितलं, बाकीच्यांना हातानं थांबवलं आणि चवड्यांवर चालत माझ्यापाशी आली.

"मैडम," ती कुजबुजली, "अंकल सो रहे हैं."

"हो ना," मी म्हटलं. "म्हणून तर ओरडायचं. चल, जोरात."